अर्जाच्या रकान्यात न मावणारं काम

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्यात मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही निवासी शाळा उभी केली. ते स्वतः याच समाजातले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे काम पत्करलं. शाळेचा गाडा बराच काळ लोकांच्या देणग्यांवर चालला.

लोकवर्गणीतून संस्था उभी करणं वऱ्हाडाला नवं नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्याच पैशांतून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पण कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या तालुक्यात पीक बुडालं की वर्गणीही आटते. मुलांना मात्र त्या वर्षीही दोन वेळचं जेवण लागतं. म्हणूनच गावपातळीवरच्या संस्थेला निधी देणाऱ्या फाउंडेशनच्या दारात जावं लागतं.

तिथे आधी कागद बोलतात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, आयकर सवलतीची प्रमाणपत्रं. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा म्हणजे सीएसआर निधी हवा तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी आणि सहसा तीन वर्षांच्या कामाचा अनुभव. परदेशी निधीसाठी तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये खर्च केल्याचा हिशेब. या अटी वाजवी आहेत. लोकांच्या नावावर आलेल्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे.

खरी अडचण अंदाजपत्रकाच्या तक्त्यात आहे.

एका पारधी मुलाच्या जातीच्या दाखल्याचं उदाहरण घ्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेलेला नाही, म्हणून दाखल-खारिज रजिस्टरात नाव नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. मग संस्थेचा कार्यकर्ता तहसिलात जुनी कोतवाल बुकं धुंडाळतो, नक्कल काढतो, प्रतिज्ञापत्र करून घेतो, साहेब रजेवर असले की पुन्हा एसटीनं येतो. या खटपटीतून त्या मुलाला शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची वाट मोकळी होते. निधीच्या अर्जात मात्र हा खर्च ‘प्रशासकीय’ ठरतो, आणि त्याच रकान्याला सर्वांत आधी कात्री लागते. परदेशी निधीच्या बाबतीत तर २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. इमारतीला, संगणकाला, दप्तरांना पैसे मिळतात, कारण त्यांचे फोटो काढता येतात. माणसाच्या पायपिटीचा फोटो निघत नाही.

दुसरी अडचण अंतराची आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य देणं अपेक्षित असतं. मोठे कारखाने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एकवटले आहेत. शेतीवर उभ्या असलेल्या तालुक्याच्या वाट्याला त्यामुळे कमीच येतं. त्यात अर्ज इंग्रजीत, सादरीकरणही इंग्रजीत. ज्याला पारधी बेड्यावरची प्रत्येक झोपडी ठाऊक आहे, तो ‘अपेक्षित परिणाम’ लिहिताना अडतो आणि शहरातली सल्लागार ठेवणारी संस्था पुढे निघून जाते.

हे बदलता येतं. २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशननं ग्रो फंडातून देशातल्या शंभर तळागाळातल्या संस्थांना हात दिला, तोही संस्था टिकून राहण्यासाठी आणि आतून मजबूत होण्यासाठी. हाच विचार नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यांपर्यंत पोहोचायला हवा. अर्ज मराठीत स्वीकारावा, निवडीआधी कोणीतरी बेड्यावर एक रात्र मुक्काम करावा, निधी किमान तीन वर्षांचा असावा.

संस्थांवरही तेवढीच जबाबदारी येते. हिशेब फक्त मुंबईच्या कार्यालयात पाठवण्यासाठी नसतो. तो दरवर्षी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला, तर वर्गणी देणाऱ्या शेतकऱ्यालाही आपला रुपया कुठे गेला ते कळेल. त्यासाठी हिशेब आणि अर्ज सांभाळणारा पूर्णवेळ माणूस लागतो. तालुक्यात बी.कॉम. होऊन कामाच्या शोधात असलेली मुलं-मुली आहेत. त्यांच्यापैकी एकाचा तीन वर्षांचा पगार हीच कोणत्याही फाउंडेशनकडे करायची पहिली मागणी असावी.