कुंडीतलं करवंद : संस्कार की छळ?



करवंदाच्या बोन्सायचा फोटो ग्रुपवर आला आणि खाली एकानं विचारलं, "जिवंत झाडाला तारा गुंडाळून खुजं ठेवायचं, ही हिंसा नव्हे का?" उत्तरं पुष्कळ आली, पण बहुतेक नुसते जोडलेले हात. प्रश्न मात्र सोडून देण्यासारखा नाही.

बाहेरच्या देशांत बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपाचं बोन्साय करतात. जिच्यापासून रसांजन होतं, त्या आपल्या दारुहळदीची ती बहीण. ती थंड डोंगरातली. आपल्याकडं काट्याला करवंदच. जोडकाटा, फांदी मोडली की पांढरा चीक, आणि फुलांना काय सुवास!

छळच म्हणायचं तर आपण शेतकरी माणसं तो दरवर्षी करतो. निपाणी-चिकोडी भागात तंबाखूचा शेंडा खुडतात, फुटवे काढतात, मगच पानात जोर उतरतो. त्या रोपाला कुणी विचारलं? पण तेवढ्यानं बोन्साय निर्दोष ठरत नाही. तंबाखू काही महिन्यांची, बोन्सायचं बंधन मात्र पिढ्यांचं. जपानच्या यामाकी घराण्यातलं एक पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यातनंही ते भिंतीच्या आडोशाला वाचलं. १९७६ साली त्या घरानं ते अमेरिकेलाच भेट दिलं. नुसत्या छळानं झाड एवढं जगत नाही. रोज कुणीतरी पाणी घालावं लागतं. उथळ कुंडीतलं झाड मे महिन्यात दोन दिवस विसरलं तरी संपतं.

खरी मेख तारेत आहे. वळण द्यायला फांदीला तार गुंडाळतात. फांदी जाड होत जाते. तार वेळेत कापली नाही तर सालीत रुतते, आणि तो वण वर्षानुवर्षं दिसतो.

आता आपल्या घरांकडं बघा. बारावी झालेल्या मुलीला "आता पुरे" म्हणतात, मुलाला "डॉक्टरच हो" म्हणतात, वर त्याला संस्कार म्हणतात. लहानपणी वळण लावावंच, त्यात वाद नाही. पण झाडाला "नको" म्हणता येत नाही, मुलीला येतं. ती म्हणत असताना तार तशीच ठेवली, तर तिथं संस्कार हा शब्द वापरू नये असं आम्हाला वाटतं. आणि बोन्सायची पानं बारीक होतात, फळ मात्र आपल्याच मापाचं येतं. मुलांचं तसं होईल, याची हमी कोण देणार?

एक राहिलं. आंबोली-चंदगडाकडची जुनी जाळी मुळासकट उपटून कुंडीत घालू नका. डोंगरातलं झाड तिथल्या पाखरांचं. मेमध्ये करवंदं आणाल तेव्हा खाऊन झाल्यावर बिया धुवून लगेच पेरा, फार वाळवू नका. वाढ सावकाश होते. रोपं जास्त झाली तर कुंपणाला लावा, तिथं ती हवी तेवढी वाढू देत.

जय गुरुदेव.