वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीचा कंदील

पाठ ताठ, पण अंग सैल ठेवून बसा. हे सलग वाचू नका. एक परिच्छेद झाला की थांबा, श्वास पूर्ण आत घ्या, सावकाश सोडा आणि मगच पुढे या.

आज मनाने ब्रायटनला जायचे आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे शहर रात्री जागते. समुद्राकाठच्या कमानींखाली संगीत चालू असते. १९६७ मध्ये सुरू झालेला मोठा कला महोत्सव इथे मे महिन्यात भरतो आणि ऑगस्टमध्ये एलजीबीटी समुदायाच्या प्राइडची रंगीत मिरवणूक निघते. आपण मात्र २१ डिसेंबर निवडू. त्या दिवशी आपल्या मुंबईला सुमारे अकरा तास उजेड मिळतो. ब्रायटनला जेमतेम आठ. दुपारचे चार वाजत आले की सूर्य बुडतो. वर्षातली सर्वांत लांब रात्र सुरू होते.

किनाऱ्यावर उभे राहा. पायांखाली वाळू नाही, गोटे आहेत. लाट येते तेव्हा आवाज होतो, पण ती परतताना होणारा आवाज अधिक ऐकण्यासारखा आहे. हजारो गोटे एकमेकांवर घासत पाण्यामागे ओढले जातात. तुमचा सुटणारा श्वास त्या आवाजाला जोडून द्या. लाट मागे जाते, श्वास मागे जातो. असे पाच वेळा होऊ द्या.

आता समोर पाहा. पाण्यात एक काळा लोखंडी सांगाडा उभा आहे. हा वेस्ट पिअर. समुद्रात खांब रोवून बांधलेला हा सहलीचा धक्का १८६६ मध्ये खुला झाला, १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये दोनदा आगीत सापडला. पूर्वेला, १८९९ पासून उभा असलेला पॅलेस पिअर दिव्यांनी उजळला आहे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी स्टारलिंग पक्षी, आपल्या साळुंकीचे नातेवाईक, रात्रीच्या आसऱ्याला इथे येतात. थव्याचा आकार क्षणाक्षणाला बदलतो. त्याला कशाची उपमा देऊ नका. नुसते पाहा.

अंधार पडला. आता हातात एक कंदील घ्या.

१९९४ मध्ये ‘सेम स्काय’ या लोकसहभागातून कला घडवणाऱ्या संस्थेने इथे एक उत्सव सुरू केला. त्याचे नाव ‘बर्निंग द क्लॉक्स’, म्हणजे घड्याळे जाळण्याचा उत्सव. तो कोणा एका धर्माचा नाही. विलोच्या लवचीक काड्यांचा सांगाडा करायचा, त्यावर पांढरा पातळ कागद चिकटवायचा आणि आत दिवा ठेवायचा. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. ज्यांनी लहानपणी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन घरी आकाशकंदील केला असेल, त्यांच्या बोटांना हे काम सांगावे लागणार नाही. काडी वाकवताना ती कुठे मोडेल हे बोटांनाच आधी कळते. ओला कागद सुरकुततो, वाळला की ताणला जातो. तेवढा वेळ थांबावेच लागते.

हे कंदील करणारे सरत्या वर्षाच्या आशा आणि भीती त्यात ठेवतात. तुम्ही एक नाव ठेवा. ज्याचा नीट निरोप घ्यायचा राहून गेला, अशा एका माणसाचे नाव. ते कोणाला सांगू नका. नाव ठेवून होईपर्यंत इथेच थांबा.

मिरवणूक निघाली आहे. ढोल वाजत आहेत. शेकडो पांढरे कंदील रस्त्यातून समुद्राकडे चालले आहेत. कोणाच्या पोशाखावर घड्याळाची तबकडी आहे, कोणाच्या खांद्यावर पेंगुळलेले मूल. तुम्हीही चाला, पण मनाने थोडे बाजूला वळा. इथे ब्रायटन डोम आहे. राजपुत्राच्या घोड्यांचा तबेला म्हणून ही घुमटाची वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. १९७४ मध्ये इथेच ‘आबा’ या स्वीडिश चमूने युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली. या दोन्हींच्या मध्ये, पहिल्या महायुद्धात, याच घुमटाखाली रुग्णालय होते. फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत जखमी झालेले हिंदुस्थानी सैनिक इथे आणि शेजारच्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्यात खाटांवर पडून होते. त्यांच्या चालीरीती सांभाळण्यासाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे चालवली जात.

आज जिथे गाणे होते तिथे कोणीतरी रात्रभर कण्हत होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. दोन्ही मनात धरा आणि पुन्हा मिरवणुकीत सामील व्हा.

किनारा आला. गोट्यांवर चिता रचावी तसा ढीग रचला आहे. दिवसच्या दिवस खपून केलेले कंदील त्यावर ठेवले जातात आणि ढीग पेटवला जातो. तुमचा कंदीलही द्या. हात क्षणभर मागे येईल, येऊ द्या. मग द्या. कागद आधी जातो, काड्या थोडा वेळ लाल रेषांसारख्या उरतात, मग त्याही जातात. आकाशात आतषबाजी सुरू होते. नजर थोडा वेळ खालीच, निखाऱ्यांवर राहू द्या.

शहराच्या उत्तरेला, पॅचमजवळच्या टेकडीवर, त्या महायुद्धाच्या काळात खऱ्या चिता पेटल्या होत्या. ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला गेला. रक्षा याच समुद्रात, इंग्लिश खाडीत सोडली. घरच्या माणसांना त्यांचा निरोप घेता आला नाही. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची छत्री उभी आहे. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. पण त्या त्रेपन्न जणांची नावे तिथे दगडात कोरली गेली ती २०१० मध्ये. त्या जागी नाव कोरले जायला मृत्यूनंतर नव्वदहून अधिक वर्षे लागली.

पुन्हा लाटेचा आवाज ऐका. ज्या पाण्यात ती रक्षा मिसळली, तेच पाणी गोटे ओढत मागे जात आहे. आनंदाच्या रात्रीही गेलेल्यांसाठी जागा असते, हे हा किनारा मला शिकवतो. कधी बर्फामुळे, कधी साथीमुळे मिरवणूक निघालीच नाही. समुद्राचा हा आवाज मात्र चालू राहिला.

आता श्वास मोकळा सोडा. हातापायांची बोटे हलवा. आपल्या खोलीत, आपल्या दिव्याखाली परत या.

आज निजण्यापूर्वी एवढे करा. कंदिलात ठेवलेले ते नाव एकदा मोठ्याने घ्या, स्वतःला ऐकू येईल इतके, आणि मग दिवा मालवा.