गर्भातल्या पेशी आणि अनात्माचा प्रश्न

नालासोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, ते 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी खणले आणि आत निघाला बौद्ध स्तूप. देहाच्या प्रतिकारशक्तीविषयीची आपली समजूतही अशीच कोटाची आहे: आत ‘मी’, बाहेर शत्रू, तटावर पहारा. प्रतिकारशास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी तर ‘स्व’ आणि ‘पर’ यांची ओळख हाच प्रतिकारशास्त्राचा पाया मानला. पण स्व आधी आणि पहारा मागाहून, हा क्रम गर्भात टिकत नाही. उंदराच्या गर्भात अस्थिमज्जा तयार होण्यापूर्वीच पीतक कोशात मॅक्रोफेज ह्या भक्षक पेशी जन्मतात. त्यांतल्या काही मेंदूत शिरतात, मायक्रोग्लिया होऊन आयुष्यभर तिथेच राहतात आणि मेंदूची वाढ होताना चेतापेशींमधले नको असलेले जोड छाटतात. काही बोटांमधल्या पडद्यातल्या मेलेल्या पेशी गिळतात. त्यांच्याच कुळातल्या अस्थिभक्षक पेशी हाडे पोखरून मज्जेला जागा करून देतात. त्या नसल्या तर हाड भरीवच राहते. लढायला जंतू नाही, राखायला सिद्ध झालेला ‘मी’ नाही, तरी काम चालू आहे.

यावर कोणी म्हणेल, मॅक्रोफेज नसलेल्या उंदरांचीही बोटे सुटी होतात. होतात, कारण तेव्हा शेजारच्या पेशी तेच काम, जरा सावकाश, उरकतात. म्हणजे त्या कामाला कायमचा धनी नाहीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परकी किडनी देह नाकारतो, मग स्व-पर भेद खोटा कसा? भेद खोटा नाही, घडलेला आहे. पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवले की उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी तो त्या वाणाची त्वचा आपली म्हणून स्वीकारतो. सीमा जन्मजात असती, तर ती अशी हलली नसती.

एवढ्यावरून बुद्धाचा अनात्मवाद, म्हणजे कायमचा ‘मी’ नाहीच हा सिद्धांत, सिद्ध झाला, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. तो सिद्धांत दुःख आणि आसक्ती यांविषयी आहे, पेशींविषयी नाही. आणि देह म्हणजे आत्मा नव्हेच, असे म्हणणाऱ्या वेदान्त्याला या प्रयोगांनी बाध येत नाही. मात्र रक्ताच्या, कुळाच्या शुद्ध ‘स्व’साठी जे देहालाच साक्षीला बोलावतात, त्यांच्या बाजूने हा साक्षीदार बोलत नाही.