वासराला काय पाजलं?

चि. भाचीस,

तुझी पशुवैद्यकीय पदविका झाली आणि आता धुळ्याकडे गावोगाव फिरतेस, हे ताईकडून कळलं. तुझा प्रश्नही पोचला. वासराला प्रतिजैविक चालू असताना घरचा झाडपाला चालू ठेवू द्यावा की बंद करायला सांगावा? हो की नाही एवढ्यात भागलं असतं तर फोनच केला असता.

२०२२चा पावसाळा आठव. ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांमध्ये लम्पी सापडला, त्या साथीतला राज्यातला पहिला. मग मोबाइलवर एक कृती घरोघर फिरली. नागवेलीची १० पानं, मिरे १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि लागेल तसा गूळ. सगळं वाटायचं आणि पहिल्या दिवशी दर तीन तासांनी चाटवायचं. ही कृती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेली, त्यामुळे गावठी खूळ म्हणून उडवून लावायची सोय नव्हती. आणि उडवावी असं मला वाटलंही नाही.

लम्पी विषाणूचा आजार, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. पण गाठी फुटून जखमा चिघळल्या, छाती भरली, तर जिवाणूंसाठी सुई द्यावी लागते. तेव्हा मी त्याच सुया देत फिरत होतो. एका गोठ्यात दीड महिन्याची वासरी होती, अंगभर गाठी. दाराशी खलबत्ता, त्याच्या काठाला हिरवाकाळा लगदा चिकटलेला. घरच्या म्हातारीला विचारलं, हिला किती दिलं? "गायीले जितलं, तितलंच." अहो, पण ते औषध आहे! "औसद कसानं, मसाला शे तो."

गाय तीनशे किलोची, वासरी जेमतेम पन्नास. आणि मी? केसपेपरवर फक्त माझी सुई लिहिली. मिऱ्यांचा उल्लेख केला नाही. म्हातारीसारखं मलाही ते मसालाच वाटलं होतं.

मिऱ्याचा तिखटपणा पायपरिनचा. शरीराबाहेर औषध फेकणारी, यकृतात औषध मोडणारी जी यंत्रणा असते, तिला ते लगाम घालतं. मग काही औषधं रक्तात जास्त वेळ राहतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूवरून हा धागा पकडला. पुढे त्यातून माणसांच्या क्षयाची गोळी निघाली. रिफॅम्पिसिन ४५०ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत पायपरिन फक्त १० मिलिग्रॅम. आता घरी तागडीवर १० ग्रॅम मिरे घे आणि मोज, दोनशेच्या आसपास दाणे भरतील. त्यात पायपरिन पाच टक्के धरलं तरी अर्धा ग्रॅम, म्हणजे त्या गोळीच्या पन्नासपट.

म्हणून मिरे दिले की सुईचा डोस निम्मा कर, असं मात्र करू नकोस. माणसाची गोळी वासराला लागू पडत नाही. हिमाचलातल्या गद्दी शेळ्यांना त्रिकटू देऊन पेफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पाजलं, तेव्हा सुरुवातीला रक्तातलं औषध उलट कमी भरलं आणि काही तासांनी जास्त. त्यात वासराचं यकृत कच्चं. पहिले काही आठवडे औषध मोडण्याची ताकद पुरती आलेली नसते, त्यामुळे औषध आधीच रेंगाळतं. पोटही वेगळं. चोखलेलं दूध खोबणीतून थेट चौथ्या पोटात जातं. बांबूच्या नळकांड्याने जबरदस्तीने ओतलेला काढा कुठे जाईल याचा नेम नसतो. कधी फुफ्फुसातही. अशा काढ्यामुळे न्यूमोनिया झालेली कितीतरी वासरं मी बघितली.

उलटंही होतं, औषध पोटातच अडकतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी हगवणीच्या एका वासराला टेट्रासायक्लिनची पूड दुधात कालवून द्या, असं मीच सांगितलं. वासरू आवडीने प्यालं, हगवण काही थांबली नाही. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. चुन्याच्या निवळीतही कॅल्शियमच, आणि एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकालाही ते असंच धरतं. जळालेल्या लाकडाचा कोळसा वाटून देतात ना, तोही काही औषधं शोषून बसू शकतो.

तेव्हा गोठ्यात गेलीस की थर्मामीटर काढण्याआधी विचार, काय पाजलं, किती, कधी. 'औषध दिलं का' असं विचारू नकोस, नाहीच म्हणतील. चुलीकडे, खलबत्त्याकडे बघ. सापडेल ते वेळेसकट केसपेपरवर लिही आणि डॉक्टरांना दाखव. डोस कमी करायचा की काढा थांबवायचा, ते त्यांनी ठरवायचं. आणि म्हातारीवर डाफरू नकोस, पुढच्या वेळी ती खलबत्ता माळ्यावर लपवेल.

ती वासरी वाचली. मिऱ्यांमुळे, सुईमुळे की चिवट होती म्हणून, मला आजही सांगता येत नाही. केसपेपरवर अर्धीच गोष्ट आहे.

पोळ्याला येशील तेव्हा तुझी वही घेऊन ये.

तुझा मामा