माजघरातला तो कोपरा

गणपतीपुळ्याला देवदर्शनास आलेली मंडळी वाट थोडी वाकडी करून मालगुंडास येतात, ती केशवसुतांचे घर पाहायला. सुटीच्या दिवशी त्यांना ते घर दाखविण्याचे काम मी आपखुशीने पत्करले आहे. केशवसुत मास्तर होते, मीही मास्तर. त्यांना मॅट्रिक व्हायला विशी उलटावी लागली. माझी मजल मॅट्रिकपाशीच संपली. (पुढचे साम्य कोणी शोधू नये. त्यांनी 'तुतारी' लिहिली. मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन अजून माझ्याच माळ्यावर आहेत.)

घर दाखविणाऱ्याची अडचण अशी, की दाखविण्याजोगे फार थोडे असते. कृष्णाजी केशव दामले १८६६ साली जन्मले आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले; पाठोपाठ पत्नीही गेली. मध्ये मुंबई, फैजपूर, धारवाड अशी पोटामागची वणवण. त्यांचे छायाचित्रदेखील मागे उरलेले नाही. १९९४ साली स्मारक झाले, घर नीट राखले गेले. पण माणूस भिंतींत सापडत नाही.

एकदा घाटावरच्या एक आजी आल्या. पडवी, ओटी पाहून झाल्यावर म्हणाल्या, "मास्तर, बाळ जन्मलं ते नेमकं कुठं?"

मला ठाऊक नव्हते. पण आजींच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कादंबरीकाराचा हात आपोआप वर झाला. "तो कोपरा, आजी. बाहेर पावसाची झड लागली होती." जन्मतारखेविषयीच जाणत्यांत एकमत नाही, तेथे मी झड लावून मोकळा झालो! आजी खाली बसल्या, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. त्यानंतर कित्येक महिने मी तो कोपरा दाखवीत होतो. पुढे त्यात एक समईही आली.

आता कोणी म्हणेल, आजींचा भाव खरा होता ना, मग झाले. भाव खराच होता; म्हणूनच तर मला टोचते. खोटे नाणे देऊन मी खरी वस्तू घेतली. कादंबरीत मी याहून मोठी थाप मारतो, पण तिच्या पुठ्ठ्यावर 'कादंबरी' असे छापलेले असते आणि वाचक ते वाचून आत येतो. आजी चपला काढून आत आल्या होत्या. शिवाय, ज्याचे एक छायाचित्रही राहू नये असा हा गरीब मास्तर होता, हेच त्या घराचे खरे सांगणे. ती रिकामी जागाच मी समई लावून बुजविली.

हे मला कळले ते एका विद्यार्थ्याच्या वहीमुळे. 'मी पाहिलेले स्थळ' या निबंधात त्याने कोपरा, झड, समई सारे लिहिले होते आणि खाली पुरावा दिला होता: 'गुरुजींनी स्वतः दाखविले.' लाल शाईची लेखणी हातात धरून मी बराच वेळ बसलो. चूक कोणाची म्हणून खूण करू?

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "तो कोपरा मी रचलेला आहे रे." तो रागावला नाही. आजी आल्या त्या दिवशी तो माझ्याबरोबर होता. थोडा विचार करून म्हणाला, "मग त्या आजींना कोण सांगणार, गुरुजी?"

आजींचे गाव मी विचारलेच नव्हते.