मागें राहिलेल्या मुलाचा वांटा

प्राथमिक शाळेंत रोज सकाळीं वाचनास जो वेळ दिला जातो, तो सर्व मुलांस सारखा वांटावा, कीं ज्यास गरज अधिक त्यास अधिक द्यावा? प्रश्न शाळेचा दिसतो. परंतु तो खरोखर न्यायाचा आहे. म्हणून आमच्या वाचकांनीं त्याचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

गोंदिया जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. हा जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. येथील घरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी अशा नाना बोली चालतात. मराठी शाळेचें पुस्तक मात्र प्रमाण भाषेंत असतें. पहिलीच्या वर्गांत दोन मुलें एकाच पट्टीवर बसलीं, तरी तीं एकाच ठिकाणाहून निघालेलीं नसतात. एकास अक्षर तेवढें नवें. दुसऱ्यास अक्षरहि नवें आणि शब्दहि नवा. दोघांस सारखा वेळ देऊन आपण समतेनें वागलों असें म्हणणें, म्हणजे लहानथोरांच्या डोक्यावर धानाचा सारखाच भारा देऊन न्याय केला असें म्हणणें होय.

ह्याहून सूक्ष्म असा दुसरा एक अन्याय आहे. पुष्कळ मुलें धडा घडाघडा म्हणतात आणि ऐकणारा संतुष्ट होतो. पण पानाच्या मध्यावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हें काय?" असें विचारिलें, म्हणजे मूल पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतें. तें कानानें शिकलें, डोळ्यानें नाहीं. अशा मुलास शाबासकी देऊन पुढच्या इयत्तेंत ढकलणें ही दया नव्हे.

उपाय खर्चाचा नाहीं, पण रोजचा आहे. शिक्षकानें प्रतिदिवशीं एक गोष्ट, ओळीखालीं बोट फिरवीत, मोठ्यानें वाचावी. गोष्ट परक्या बोलींत वाटली, तर आधीं ती घरच्या बोलींत सांगावी. धान, बांधी, मोह असे मुलांच्या तोंडचे शब्द फळ्यावर लिहून त्यांतील अक्षरें ओळखवावीं. मग ज्यांस वाचतां येतें त्यांनीं जोडीनें वाचावें, आणि तेवढ्या वेळांत शिक्षकानें मागें राहिलेल्या दोघांतिघांजवळ बसावें.

कोणी म्हणेल, ह्यांत हुशार मुलाचें नुकसान होतें. कांहीं होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. शिक्षकाचें लक्ष त्यासहि हवें असतें. परंतु दोन्ही हानी तोलून पाहाव्या. एक मूल घटकाभर कौतुकास मुकतें, आणि त्याच्या हातीं पुस्तक उरतेंच. दुसरें मूल तिसरीपर्यंत वाचूं लागलें नाहीं, तर पुढें गणित, इतिहास, भूगोल ह्या सर्वांस मुकतें, कारण तें सर्व वाचनाच्याच दारानें आंत येतें. एकास पुस्तक पुरतें. दुसऱ्यास माणूस लागतें.

हा भार एकट्या शिक्षकावर टाकणें मात्र योग्य नव्हे. पावसाळ्यांत धानाची रोवणी, उन्हाळ्यांत मोह आणि तेंदूपानें. ह्या दिवसांत गरिबाच्या मुलाची शाळा चुकते, आणि ज्यास रोजच्या वाचनाची सर्वांत अधिक गरज तेंच तें गमावितें. पोटाची निकड आम्ही जाणतों. तरी संध्याकाळीं चुलीजवळ मुलानें एक पान वाचावें आणि आईनें ऐकावें, एवढें घडूं शकतें. ऐकावयास आईस अक्षर येण्याची गरज नाहीं. मूल कोठें अडखळलें हें कानासहि कळतें.

२०११ च्या खानेसुमारींत ह्या जिल्ह्यांतील सात वर्षांवरील दर १०० माणसांत सुमारें ८५ साक्षर ठरलीं. २०१० पासून शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू आहे, आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें ह्या हेतूनें २०२१ सालीं सरकारनें "निपुण भारत" हें कार्य आरंभिलें. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु कायदा मुलास शाळेंत जागा देतो. पानावरील अर्थ कोणी तरी शेजारीं बसून रोज द्यावा लागतो. पंधरा साक्षर नाहींत ह्या आंकड्यामागें माणसें आहेत, आणि त्यांच्यापैकीं कांहींजण कधीं काळीं वर्गाच्या शेवटच्या रांगेंत बसलेलेहि असतील. वाचकहो, आपल्या गांवच्या शाळेंत ती रांग आज कोणाची आहे, हें एकदां जाऊन पाहा, आणि तिच्याजवळ बसावयास अर्धा तास काढा.