कायक, दासोह आणि शाळेतला उद्यम

शालेय वयातच मुलांमध्ये उद्यमशील वृत्ती रुजवावी हा विचार भारतात गेल्या दशकभरात भाषणांपुरता न राहता शासकीय धोरणाचा भाग झाला आहे. 2016 साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांमध्ये प्रयोगशाळा उभारण्यास अनुदान दिले. 2019 साली दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीसाठी उद्यमशील मनोवृत्तीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला. आणि ज्याचा मसुदा बंगळुरूचे अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केला होता, त्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाताच्या कामाला शालेय शिक्षणात पुन्हा जागा देऊ केली. बंगळुरूत या विचाराला वेगळीच धार चढते. 1978 साली एका गॅरेजात सुरू झालेली बायोकॉन आणि पुण्यात जन्मून 1983 साली या शहरात आलेली इन्फोसिस यांच्या कथा तिथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडत असतात, आणि उद्यम म्हणजे काय याचे चित्र शाळेने ते काढण्याआधीच त्यांच्या मनात तयार झालेले असते: कल्पना, गुंतवणूकदार, वाढ, यश. या चित्राचा शिक्षणाशी संबंध जोडताना एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही, आणि तो मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. उद्यमाचे शिक्षण हे महत्त्वाकांक्षेचेच शिक्षण आहे काय? आणि तसे असेल, तर मुलाच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरण्याचा अधिकार शाळेला कोठून मिळतो?

अर्थशास्त्राने उद्यमाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. जोसेफ शुम्पेटर यांच्या मते उद्योजक म्हणजे उपलब्ध साधनांची नवी जुळणी करणारा, म्हणजेच नवी वस्तू, नवी पद्धत किंवा नवी बाजारपेठ प्रत्यक्षात आणणारा मनुष्य होय. इस्राएल कर्झनर यांनी 1973 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उद्योजकाच्या सावधपणावर भर दिला. इतरांच्या नजरेतून सुटलेली संधी ज्याला दिसते तो उद्योजक, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात मांडता येते. शिक्षणाच्या दृष्टीने हे दुसरे लक्षण अधिक मोलाचे आहे, कारण वर्गात विद्यार्थी मनाने हजर राहावा ही जी शिक्षकांची नित्याची चिंता, तीही शेवटी याच सावधपणाची, अवधानाची चिंता आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अन्य काही न मागता अवधान मागतात, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. मात्र कर्झनर यांचा सावधपणा लाभाकडे डोळा ठेवून असतो आणि ज्ञानदेवांना हवे असलेले अवधान निरूपणात विरून जाणारे असते. शाळेने यांतले कोणते जोपासायचे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

जिद्दू कृष्णमूर्ती (1895–1986) यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर तडजोड करणारे नाही. त्यांच्या शिकवणीवर उभी राहिलेली व्हॅली स्कूल ही शाळा बंगळुरूच्याच परिसरात, कनकपुरा रस्त्याच्या बाजूला, 1978 साली सुरू झाली. म्हणजे जे वर्ष या शहराच्या उद्योगकथेत बायोकॉनचे म्हणून ओळखले जाते, त्याच वर्षी महत्त्वाकांक्षेला नकार देणारी एक शाळाही येथे जन्मली. कृष्णमूर्तींचे म्हणणे असे की महत्त्वाकांक्षा ही तुलनेतून आणि तुलना ही भयातून जन्मते. दुसऱ्यापेक्षा पुढे जाण्याच्या धडपडीत असलेले मन समोरच्या वस्तूकडे कधीच पूर्णपणे पाहू शकत नाही, कारण त्याची नजर सतत आपल्या होऊ घातलेल्या प्रतिमेकडे असते. म्हणून स्पर्धा लावून, बक्षीस ठेवून विद्यार्थ्याला कामात ‘गुंतवणे’ हे त्यांच्या दृष्टीने अवधान वाढवणे नसून अवधान मोडणे आहे. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. शाळांतून भरणाऱ्या उद्योग-स्पर्धांत तेरा-चौदा वर्षांची मुले परीक्षकांपुढे उभी राहून आपल्या कल्पनेची बाजारपेठ किती मोठी आहे हे सांगतात, तेव्हा त्यांचे लक्ष ज्या माणसाची अडचण सोडवायची त्याच्याकडे असते की परीक्षकाच्या चेहऱ्याकडे, हे पाहणाऱ्याला सहज कळते.

तथापि कृष्णमूर्तींचा नकार एका ठिकाणी अपुरा पडतो. महत्त्वाकांक्षा काढून टाकल्यावर काम कशाच्या आधारावर उभे राहावे, याचे समाजाला पेलणारे उत्तर त्यांच्याकडे मिळत नाही. परंपरा आणि संस्था यांच्याविषयीच्या अविश्वासामुळे ते व्यक्तीच्या जागृतीपाशी थांबतात. हे उत्तर कन्नड भूमीतच, त्यांच्या आठशे वर्षे आधी दिले गेले होते.

बाराव्या शतकात बसवेश्वर आधी मंगळवेढ्यास आणि मग कल्याणास कलचुरी राजा बिज्जळाच्या सेवेत होते. कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथे त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवाला शरण गेलेल्या स्त्रीपुरुषांनी, दोन संकल्पना घडवल्या. पहिली कायक: स्वतःच्या देहाने, सचोटीने केलेले आणि ईश्वराची पूजा म्हणून केलेले उपजीविकेचे काम. कैलास मिळवण्यासाठी काम सोडून कोठे जायचे नाही, कामातच कैलास आहे, असा तिचा आशय. दुसरी दासोह: कायकातून जे मिळाले ते दात्याच्या ऐटीने नव्हे तर दासाच्या भावाने समाजाच्या स्वाधीन करणे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणाराच स्वतःला खाली ठेवतो. ही कल्पना केवळ ग्रंथांत उरलेली नाही. बंगळुरूजवळच्या तुमकुरूत सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींनी (1907–2019) हजारो विद्यार्थ्यांचे अन्न, निवास आणि शिक्षण यांची जी व्यवस्था अनेक दशके चालवली, तिचे नावच दासोह आहे.

कायक आणि महत्त्वाकांक्षा यांतला भेद सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो आय्दक्की मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांच्या कथेत. मारय्याचे कायक म्हणजे कल्याणात बसवेश्वरांच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे. त्या वेचलेल्या दाण्यांतून हे जोडपे आपला निर्वाह करी आणि शरणांना जेवूही घाली. परंपरा असे सांगते की अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, तिचे अध्यक्ष अल्लमप्रभू यांच्याशी चाललेल्या चर्चेत मारय्या इतका रंगून गेला की त्याला कामाचा विसर पडला, तेव्हा लक्कम्मानेच त्याला कायकाची आठवण करून दिली. पुढे एके दिवशी अंगणात मुद्दाम जास्त तांदूळ पसरले गेले आणि मारय्या नेहमीपेक्षा अधिक धान्य घेऊन घरी आला. लक्कम्माने ते पाहताच विचारले की आपल्या रोजच्या मापापेक्षा हे जास्त का, ही हाव कोठून आली. आणि तिने ते जादा तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून यायला लावले. या कथेत तीन गोष्टी एकत्र येतात. तत्त्वचर्चा ही कामाला पर्याय नाही. काम हा साठ्याचा मार्ग नाही. आणि ‘पुरे’ कोठे म्हणायचे हे ठरवणारी जाणीव बाहेरच्या नियमातून नव्हे तर कामाच्या आतूनच येते. समोर पडलेली संधी ओळखणे हा कर्झनर यांच्या अर्थाने मारय्याचा सावधपणाच होता. संधी दिसूनही ती आपली नाही हे ओळखणे हा लक्कम्माचा सावधपणा अधिक वरच्या दर्जाचा आहे, आणि आजच्या कोणत्याही उद्यम-अभ्यासक्रमात त्याचे नावही नाही.

कायकाचा असा गौरव करताना एक धोका नजरेआड करता येत नाही. कामातच कैलास आहे असे चांभाराला आणि धोब्याला सांगणे म्हणजे त्याला त्याच्या जातीच्या कामात कायमचे बांधून ठेवणे, असा अर्थ पुढच्या काळात काढला गेला आणि आजही काढता येतो. परंतु कल्याणात कायकाची समता शब्दांपुरती नव्हती. मुळात चांभार असलेल्या हरळय्याचा मुलगा आणि मुळात ब्राह्मण असलेल्या मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी मान्य केला. त्याची शिक्षा म्हणून दोघांच्या वडिलांना क्रूरपणे ठार करण्यात आले आणि कल्याणची चळवळ रक्तपातात विखुरली. कोणतेही काम हीन नाही हे म्हणण्याची ती किंमत होती.

दुसरा धोका अर्थकारणाचा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफणारी नई तालीम मांडली, तेव्हा शाळा मुलांच्या उत्पादनावर चालवायच्या तर शाळेचा कारखाना आणि शिक्षकाचा मुकादम होईल, असा आक्षेप घेतला गेला; परिषदेने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक बाजू बळी पडण्याची शक्यता मान्य केली होती. या आक्षेपाला महाराष्ट्रात मिळालेले एक समंजस उत्तर म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो सुरू केला आणि तेथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घडला. त्यात विद्यार्थी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, आरोग्याच्या चाचण्या अशी कामे शिकतात आणि गावातल्या लोकांची खरी कामे मोबदला घेऊन करून देतात. मोबदला येथे नफ्यासाठी नसून परीक्षेसाठी आहे: फाटकाची कडी नीट बसली नाही तर शेतकरी पैसे देत नाही, आणि त्या नकाराइतका स्पष्ट शेरा कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिता येत नाही. विद्यार्थ्याचे मन कामात गुंतते ते याच कारणाने. काम खोटे असेल, म्हणजे ते कोणालाच नको असेल, तर कितीही आकर्षक साधने आणली तरी मुलाचे अवधान फार काळ टिकत नाही.

मराठी उद्योगाच्या इतिहासातही हेच दिसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावी सायकलींच्या दुकानात उतरलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगराकडे वळले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो नांगर घेईनात. बाजारपेठ नव्हती, गरज होती, आणि ती शेतकऱ्याला पटेपर्यंत थांबण्याची तयारी होती. 1946 साली बंगळुरूत उभी राहिलेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही त्याच घराण्याची पुढची पायरी. संधीची झटपट ओळख एवढाच उद्यमाचा अर्थ धरला, तर या थांबण्याला जागाच उरत नाही, आणि शाळांतील स्पर्धा तर एका दुपारी संपतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यांनी सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना काढून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावे असे सुचवले आहे. बंगळुरूत त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शहराच्या मध्याजवळच पॉटरी टाऊन ही कुंभारांची जुनी वस्ती आहे, जिथे पणत्या आणि गणपतीच्या मूर्ती घडतात. माती पुरेशी मळली नाही आणि तिच्यात हवा राहिली तर भांडे भट्टीत तडकू शकते, हे तेथे मुलाला हाताने कळते. परंतु त्या दहा दिवसांत कुंभार कोणत्या नात्याने भेटतो, हा प्रश्न धोरणाच्या कागदावर सुटत नाही. तो दाखवण्याची वस्तू म्हणून भेटला, तर मुले ते दिवस सहल म्हणून लक्षात ठेवतील. कल्याणच्या अनुभवमंटपात नावाडी अंबिगर चौडय्या आणि धोबी मडिवाळ माचय्या यांना आपले काम करून दाखवायला बोलावले जात नव्हते. तेथे ते बोलत, आणि इतरांना त्यांना उत्तर द्यावे लागे. शाळेने कुंभाराला शिक्षकाच्या यादीत घ्यावे, त्या दिवसांचे मानधन द्यावे, आणि मुले काय शिकली याविषयी त्याचे मत शिक्षकाच्या मताइतकेच धरावे, ही मागणी म्हणूनच शिष्टाचाराची नाही. त्याच वर्गात कुंभाराचे स्वतःचे मूल बसलेले असू शकते, आणि आपल्या वडिलांना शाळेत कोणती खुर्ची मिळते हे ते इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहत असते.